खात्याचा दम आणि गावाची घड्याळं

नंदुरबारात आजही खात्याचं नाव काढून बघा. साठीपुढचा कुणीही असो, आधी मनगट पुढे करतो, दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करतो आणि सांगतो, "मन्हा घड्यायमा सव्वा नऊ मिनिटं, भो! एकच दममा!" बरं, त्या सव्वा नऊ मिनिटांत खात्यानं वाजवलं काय, असं विचारलं की तो तुमच्याकडे असा बघतो, जसं तुम्ही रेड्याचं दूध मागितलं.

"काय म्हंजे? बाजा वाजाडा ना!"

या उत्तरानं माझं डोकं अजून फिरतं. पाच-सहा वर्षं एक माणूस आमच्या लग्नांत उभा राहून आपलं काही सांगत होता, आणि आमचा सगळा मुलूख घड्याळ बघत होता.

खात्या मूळचा नवापूरकडचा. चिंचपाड्याहून दोन कोस आत, डोंगराला चिकटलेल्या पाड्यावरचा. जमातीनं कोकणी, म्हणजे डोंगरातला आदिवासी, कोकणातला नव्हे. बाप पावरी वाजवायचा. पावरी म्हणजे वाळलेला भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे बैलाच्या शिंगासारखं वाकलेलं तोंड. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात देव अंगात आलेली माणसं नाचतात आणि पावरीवाला मधोमध उभा राहून फुंकतो. खात्याच्या पाड्यावर नियम एकच होता. पावरी थांबली की अंगातला देव अर्ध्यात अडकतो. नाचणारा धाडकन पडतो, त्याची दातखीळ बसते, आणि शिव्या पावरीवाल्याला. म्हणून पावरीवाला गालात वारा धरून ठेवतो. गालातला वारा नळीत ढकलता ढकलता नाकानं नवा ओढतो. दम तुटतच नाही. बापानं हे खात्याला ओढ्यात बोरूची नळी बुडवून शिकवलं. पाण्यातले बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. यात कौतुक काही नव्हतं. नांगराला बैल लागतो तसा पावरीला हा दम लागतो. पाड्यावर तो कुणी कधी मोजला नाही.

एकोणपन्नास साली खात्या भुसावळला इंजिनात कोळसा भरायच्या कामाला लागला. तिथं साहेबलोकांच्या क्लबात शनिवारी संध्याकाळी नाच व्हायचा, आणि नाचाला वाजवायला पिंटो नावाचा गोव्याचा मास्तर असायचा. खात्या कुंपणाबाहेर उभा राहून ऐकायचा. मास्तरच्या हातातलं ते वाकडं पितळी धूड बघून त्याला वाटलं, ही तर आपली पावरीच, फक्त घासूनपुसून ठेवलेली. एक दिवस हिय्या करून त्यानं ते मागितलं. पिंटो चांगला माणूस होता, आणि त्या दिवशी थोडी घेतलेलाही होता. त्यानं दिलं. खात्याला चाव्या माहीत नव्हत्या, बोटं कुठेही पडत होती. पण आवाज सुरू झाला तो थांबेचना.

"अरे, तू सांस किधर से लेता है?" पिंटोनं विचारलं.

"नाक से."

"मैं तीस साल से मुंह से लेता है," पिंटो म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

पुढची सहा वर्षं पिंटोनं त्याला शिकवलं. त्या वाद्याचं नाव सॅक्सोफोन आणि त्या वाजवण्याचं नाव जाझ, हे खात्याला तिथं कळलं. जाझ म्हणजे काय, ते पिंटोनं एका वाक्यात सांगितलं होतं: आधी सगळ्यांनी मिळून रस्ता दाखवायचा, मग एकेकानं जंगलात शिरून फिरून यायचं, पण परत रस्त्यावर यायचं. खात्याला जंगलात फिरणं काय, ते समजवावं लागलं नाही. पंचावन्न साली मास्तर मुंबईला गेला आणि जाताना आपला जुना सॅक्सोफोन त्याला देऊन गेला. एका चावीची स्प्रिंग गेलेली होती, तिथं सायकलच्या ट्यूबची रबरी चकती बांधलेली होती.

खात्या नोकरी सोडून नंदुरबारला आला. बायको धनुबाई मिरची वाळत घालायच्या पथारीवर देठ खुडायला जायची. खात्यानं चार माणसांची पार्टी जमवली. स्वतः सॅक्सोफोन, पितांबर शिंप्याची पेटी, धुडकूचा उभा राहून वाजवायचा लहान ढोल आणि डोंगरातल्या जालमसिंगचा मोठा ढोल. मोठ्या ढोलावर पार्टीचं नाव रंगवायला पेंटरला सांगितलं, "जाझ पार्टी लिख." पेंटरनं मान डोलावली आणि झोकात लिहिलं: झांज पार्टी. पेंटरचं म्हणणं, जाझ असं काही नसतंच, तुम्हा अडाण्यांना बोलता येत नाही, मी सुधारून दिलं. मग जिथं जावं तिथं लोक विचारायचे, "झांज कोठे शे?" शेवटी जालमसिंगनं बाजारातून एक झांजेची जोडी आणली आणि ढोलाला टांगून ठेवली. दाखवायला.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

सत्तावन्नच्या लगीनसराईत शहाद्याकडच्या एका लग्नात एका हेडमास्तरांच्या लक्षात आलं की हा बाजेवाला श्वास घेत नाही. त्यांनी घड्याळ काढलं. शेजारचा म्हणाला, "कितलं व्हयनं?" हेडमास्तर म्हणाले, "तीन मिनिटं." तिथून ती साथ पसरली. पुढच्या लग्नात चार घड्याळं निघाली, त्याच्या पुढच्यात दहा. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं ते बोटांवर आकडे मोजायचे. पैजा लागू लागल्या. वऱ्हाडी जेवायचे थांबून पळत यायचे, "लावा रे, लावा, दम लावना त्यानी!" सुपारी द्यायला येणारा माणूस काय वाजवणार हे विचारायचा नाही. विचारायचा, "आमनाकडे कितला मिनिट?" शेजारच्या गावात आठ झाली असतील तर याला नऊ हवीत. पार्टीला कामं भरपूर मिळू लागली. धुडकूनं घरावर नवी कौलं घातली. खात्या दिवसेंदिवस काळवंडत गेला.

कारण एवढ्या काळात त्यानं एक चाल बांधली होती. बापाच्या पावरीवरची एक जुनी धून आणि भुसावळला कुंपणाबाहेर ऐकलेलं काहीबाही, यांच्या मधून निघालेली. पाच मात्रांची, जरा लंगडत चालणारी. तिच्यावर त्यानं दीड वर्ष घालवलं होतं. धनुबाई सांगायची, जेवताना ताटावर बोटं चालायची, भात गार व्हायचा. ती चाल एकदा कुणीतरी सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं. पण तोंडाला सॅक्सोफोनची पाती लावली की समोर मनगटं वर व्हायची, आणि चाल संपली की टाळ्या आकड्याला पडायच्या.

एकसष्ट साली तापीकाठच्या एका गावातून शांतीलालभाई सुपारी घेऊन आले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आमचे सोयरे आहेत. शांतीलालभाई म्हणजे मोठं गुजर घर, केळी, कापूस, ऊस, दारात दोन बैलजोड्या आणि एक ट्रॅक्टर. मुलाचं लग्न होतं.

खात्या म्हणाला, "भाई, एक गोष्ट शे. शेवंतीले मी मन्ही चाल वाजाडसू. घड्याय कोनी काढानं नही."

शेवंती म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या पारावर नेतात, तिथं त्याची पूजा होते, तो कार्यक्रम.

शांतीलालभाई हसले. "वाजाड ना भो. तुन्ही काय, मन्ही काय. पन मानसं मोजतीन तर मी त्यासना हात बांधू का?"

"तुम्ही सांगं तर आयकतीन. गाव तुमनं शे."

"बरं. सांगसू."

सांगितलं असावं. निदान सुरुवातीला कुणी मनगट वर केलं नाही. उन्हं कलली होती, नवरदेव पारावर बसला होता, सवाष्णी ओवाळायला उभ्या होत्या. खात्यानं ती चाल लावली.  दोन-तीन मिनिटं माणसं चाल ऐकत होती.

पण मांडवात जावई होते. सुरतेहून आलेले, नवरदेवाच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे लग्नात जावयाच्या वरती फक्त मारुती. या जावयांनी खात्याची कीर्ती सुरतेपर्यंत ऐकली होती आणि त्यांना खात्री होती की यात काहीतरी लबाडी आहे. त्यांनी दोनदा खात्याभोवती फेरी मारली, वाकून सॅक्सोफोनच्या तोंडात बघितलं. मग ओरडले, "आरे, नाक देखा यान्हं! नाकपुड्या हाली ऱ्हायन्यात! नाकमाईन लेस हाऊ!"

आणि त्यांनी हात पुढे करून खात्याचं नाक दाबलं.

विनोद म्हणून दाबलं, असं नंतर सगळे म्हणाले. अंगठा आणि पहिलं बोट, घट्ट, बैलाला वेसण घालताना धरतात तसं. खात्याच्या गालातला वारा संपला. सॅक्सोफोनातून डुक्कर कापल्यासारखा आवाज निघाला आणि चाल मेली. पारावर असा हशा उठला की नवरदेवाच्या डोक्यावरचं मुंडासं हललं.

"चोर सापडना! चोर सापडना!"

"चार सालपासून फसाडी ऱ्हायना रे आपले!"

"नाकनी चोरी!"

म्हणजे बघा. यांची समजूत होती की हा माणूस श्वासच घेत नाही. नऊ-नऊ मिनिटं. आणि तो घेतो हे कळलं तर चोर तो!

खात्यानं सॅक्सोफोन जालमसिंगच्या हातात दिला. "नाकमाईन नही लेऊ तर काय कानमाईन लेऊ?" तो ओरडला. कुणी ऐकलं नाही, सगळे हसत होते, जावई सगळ्यांत जास्त. मग खात्यानं एका हातानं जावयांची मान धरली, दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्यांचं नाक पकडलं आणि तळव्यानं तोंडही दाबलं. कोळशाची फावडी मारलेला हात होता तो.

"आते हास! हास ना, दाजी! काढा रे घड्याय! मोजा आते! दाजीना दम मोजा!"

जावयांचे डोळे बाहेर आले. पाय झाडू लागले. हशा असा थांबला जसा दिवा फुंकला.

लोक धावले आणि सोडवलं. शांतीलालभाई पुढे आले. "जवाईना नाकले हात? मारुतीना पारवर? कोकन्या, तू मन्हं नाक कापं!"

"तुमनं नाक कापं, मन्हं दाबं," खात्या म्हणाला. "मी बोलनू व्हतू तुमले. तुम्ही हा म्हनं व्हतं."

"बाजावाल्यासले काय हा नि काय नही! निंघ आठून!"

कुणीतरी जालमसिंगच्या ढोलात लाथ घातली, चामडं फाटलं. चौघं निघाले तेव्हा मागून खडेही आले. जेवायला कुणी विचारलं नाही, ते मी वेगळं सांगत बसत नाही.

तापीच्या वाळूत उतरल्यावर धुडकूनं ढोल खाली ठेवला. "तू जवाईनं नाक धरं, पन रोटी आमनी पडनी. आते या काठना एक बी गावमा आपले कोनी बलावाव नही."

पितांबर शांत माणूस होता. तो म्हणाला, "खात्या, मोजू दे ना त्यासले. तुन्हं काय जास?"

"मन्ही चाल जास."

"आपले खावाले तर भेटस."

"तुले भेटस. तुन्हा नाकले कोनी बोट लावस का?"

 जालमसिंग फाटलेल्या ढोलातून आकाश बघत बसला होता. तो म्हणाला, "आपला नावबी झांज पार्टी. आपले कोन आयकी?" 

शांतीलालभाईंनी गावोगाव निरोप धाडला आणि तापीकाठची कामं बंद झाली ती झालीच. खात्या बाजारात मिरचीची पोती उचलू लागला. सॅक्सोफोन घरात खुंटीवर. बोलणं तर त्यानं टाकलंच होतं, एखाद्यानं नुसतं "काय खात्या, दम कसा शे?" म्हटलं तरी अंगावर धावून जायचा. एकदा एका हमालाला त्यानं त्याच कारणासाठी पोत्यावर ढकलून दिलं. धनुबाईनं सहा महिने हे बघितलं. मग एके दिवशी मिरचीनं भगभगणारे हात ताकात बुडवून बसलेली असताना म्हणाली, "तुमना दम देखाले येतस ना? मंग तोडी टाका दम. काय देखतीन मंग?"

खात्या तिच्यावर खेकसला. बापाचे धपाटे आठवले असतील. दम तोडला की देव पडतो, हे त्याच्या हाडात बसलेलं होतं. त्याच्यासाठी दम तोडणं म्हणजे नाचणाऱ्या माणसाला हातानं ढकलून पाडणं. तो चार दिवस घरात जेवला नाही.

पाचव्या दिवशी त्यानं तिघांना बोलावलं. तालीम करायला एका व्यापाऱ्याचं मिरचीचं रिकामं गोदाम मिळालं. रिकामं म्हणजे मिरची गेलेली, तिखट हवेत तसंच. खात्यानं चाल लावली, एक ओळ वाजवली आणि थांबला. तोंड उघडून, सगळ्यांना ऐकू येईल असा श्वास घेतला.  ती जागा रिकामी राहिली. तिघांना कळेना काय करावं, कारण इतकी वर्षं खात्या थांबायचाच नाही, यांनी खालून फक्त रेटायचं. दुसऱ्यांदा थांबला तेव्हाही तसंच. तिसऱ्यांदा धुडकूला ठसका आला, मोठा, आणि ठसका झाकायला त्यानं ढोलावर दोन आडव्या थापा हाणल्या.

"काय करं तू?" खात्या म्हणाला.

"ठसका लागना, यार."

"ठसका ऱ्हाऊ दे. थाप मार. तीच मार."

मग पितांबरही त्या जागेत पेटीवर काहीतरी बोलला. जालमसिंगनं उशिरा, पण बरोबर जागी, एक ठोका दिला. त्या दिवसापर्यंत ते एक बाजेवाला आणि तीन हमाल होते. आता कुणी बोललं की दुसरा उत्तर द्यायचा, मधेच भांडणही व्हायचं, वाद्यांवर आणि वाद्यांशिवायही. "तू मन्हा जागामा घुसना!" "तुन्ही जागा काय सातबारावर शे का?" दोन महिने त्यांनी खोकत खोकत तालीम केली.

पुढच्या वर्षी तळोद्याकडची एक सुपारी आली. तिथवर शांतीलालभाईंचा शब्द पोचला नव्हता, खात्याच्या दमाची कीर्ती मात्र पोचली होती. नवरदेव घोडीवर बसला, वरात निघाली. लोक मनगटं सरसावून दोन्ही बाजूंना उभे. खात्या पुढे झाला, पाती तोंडात घेतली आणि आपल्या चालीची एक ओळ वाजवून सरळ दम तोडला. मोठ्यानं, तोंड वासून.

"हे काय?" एक जण म्हणाला. "हाऊ तर सरना!"

"दुसरा दममा व्हई. थांब."

दुसऱ्या ओळीलाही तोडला. तिसऱ्यालाही.

"खात्याना दम सरी गया रे!"

"म्हातारा व्हयना!" खात्या तेव्हा तेहतीस वर्षांचा होता.

"कोनी खबर दिन्ही तुले? आठ मिनिट सांगं व्हतं ना!"

घड्याळं खाली गेली. लोक शिव्या घालत पांगले, अर्धे सरळ पंगतीकडे गेले. नवरीचा मामा सुपारी ठरवणाऱ्याच्या अंगावर ओरडत होता. खात्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या, पण तो वाजवत राहिला, प्रत्येक ओळीला मुद्दाम, जरा जास्तच मोठ्यानं दम तोडत. मधल्या जागांत धुडकू बोलत होता, पितांबर बोलत होता. ऐकायला राहिले होते नवरदेव, चार करवल्या आणि घोडी.

गल्लीच्या वळणावर घोडी अडखळली. नवरदेव पुढे कलंडला, करवल्या किंचाळल्या. घोडेवाल्यानं लगाम खेचला आणि खात्यावर धावून आला.

"ए बाजावाला! बाकी काय बी वाजाड. ती मधली चाल वाजाडू नको. मन्ही घोडी पाय चुकस."

खात्या थांबला. "कोनती चाल?"

"ती रे, लंगडी. ता-री-रा, ता-री..." घोडेवाल्यानं घोडीच्या मानेवर थाप देत ती म्हणून दाखवली. म्हणता म्हणता मधल्या जागेत धुडकूच्या दोन थापाही त्यानं घोडीच्या मानेवर मारल्या, त्याच्या नकळत.

खात्या त्याच्याजवळ सरकला.

"पुन्हा म्हन," तो म्हणाला.

"कसाले?"

"शेवटले चुकना तू. तठे खाले येस ती. म्हन पुन्हा."

घोडेवाला चिडला. "माले काय करनं शे खाले नि वर? नवरदेव पडी तर मन्ही मान जाई. ती चाल बंद कर, येवढंच सांगस!"

"बंद नही व्हवाव."

"मंग मन्ही घोडी कशी चाली?"

"तुन्ही घोडीले शिकाड," खात्या म्हणाला, आणि त्यानं परत पाती तोंडात घेऊन तीच चाल पहिल्यापासून लावली. घोडीनं परत पाय चुकवला. घोडेवाला खात्याच्या बापाचा, पाड्याचा आणि त्या पितळी धुडाचा उद्धार करत लगामाला लोंबकळत चालला, आणि पुढच्या वळणाला चाल खाली यायची ती जागा आली तेव्हा शिवी अर्धी सोडून त्यानं तोंड फिरवलं आणि बघितलं, आता हा काय करतो ते.